तिसरं प्रूफ

प्रूफं आली ती माझ्याच हाती आली.
पुसदच्या गाडीतून थैला उतरला, मी लाख फोडली,
माझ्याच नावाच्या पाकिटावर शिक्का मारला,
आणि गिऱ्हाईक गेल्यावर
खिडकीच्या त्या बाजूला जाऊन
माझं टपाल माझ्याकडून सही करून घेतलं.

दोनशे चौऱ्याऐंशी पानं. तिसऱ्यांदा.
पहिल्यांदा वाचताना रडू आलं,
दुसऱ्यांदा झोप,
आता फक्त 'होता' दिसतात,
उभा होता, बसला होता, गेला होता,
तुरीतल्या खड्यांसारखे.
निवडते. एका प्रकरणातून त्रेचाळीस निघाले.

पुण्याच्या संपादकबाई समासात पेन्सिलीनं विचारतात:
'वरणावर सांबार कसा टाकतील? कोथिंबीर म्हणायचं आहे का?'
सांबारच. तसंच ठेवा.
'भेदरं म्हणजे?'
टमाटे. तसंच ठेवा.
'कावून' तीन ठिकाणी खोडलंय, तिन्ही ठिकाणी
मी खालून ठिपके देते.
पान नव्वदवर मात्र त्यांनी लिहिलंय,
'इथे तुम्ही घाईत होतात.'
होते. त्या दिवशी पोरीला गोवर निघाला.
हे समासात मावत नाही.

दहा ते दोन खिडकी:
आर.डी.चे हप्ते, अंगठे, आणि नेटवर्क,
जे निंबाच्या बुंध्याशी उभं राहिलं तरच येतं.
दोननंतर पानं. उडू नयेत म्हणून वर
दोनशेचं वजन, पन्नासचं वजन, डिंकाची बाटली.
रात्री सासू विचारते, 'झालं का वं पुस्तक?'
वरण शिजलं का, असं.
'एक उकळी राहिली,' मी म्हणते.
'मांगच्या आखाडीलेबी एकच होती,'
अन् कूस बदलते.

साडेबाराला वावरातली थ्री फेज येते.
नाल्यापलीकडे एकेक मोटार सुरू होते,
गव्हाला पाणी द्यायची ज्याची पाळी तो टॉर्च घेऊन निघतो.
माझा बल्ब पाहून खाकरतो,
'जाग्याच आहा का, मॅडम?'
जागीच. तो दांड वळवतो, मी वाक्य.
पाणी जायचं तिकडंच जातं.

डोमाजी पोस्टासमोर पंक्चर काढतो.
आधीच्या खर्ड्यात त्याच्यावर सहा पानं होती:
परातीतल्या पाण्यात ट्यूब दाबून
बुडबुडा निघेपर्यंत तो श्वास रोखतो, ते.
चांगली होती. कादंबरीला नको होती.
मागच्या कार्तिकात काढली.
त्याला कोणीतरी सांगितलंय, तू पुस्तकात आहेस.
बहुधा मीच.
काल हप्ता भरायला आला,
शंभराची नोट मांडीवर सरळ करत म्हणाला,
'मॅडम, पुस्तकात मी सायकलीवर हावो, का पायदल?'
पासबुकात शिक्का मारला. फिका उमटला.
पुन्हा मारला.
'सायकलीवर,' म्हटलं.

रात्री जागा शोधली. पान एकशे सदुसष्ट:
लग्नाहून परतणारी माणसं, रस्ता, अंधार.
तीन विशेषणं आणि चार 'होता' काढले,
पान पुढे सरकू नये म्हणून मोजून सात शब्द घातले:
'मधूनच एक सायकलवाला गेला, घंटी न वाजवता.'
नाव नाही.
तो वाचणार नाही. कोणाकडून तरी वाचून घेईल
आणि येऊन विचारेल,
घंटी कावून नाही वाजवली?

आज पार्सल तोललं, आठशे सत्तर ग्रॅम.
पावती फाडली, स्वतःला सुटे दिले.
थैल्याला सुतळी, सुतळीला लाख.
बोट भाजलं. दरवेळी भाजतं.
चार दहाची गाडी चार चाळीसला आली,
कंडक्टरनं थैला ड्रायव्हरशेजारी फेकला,
घंटी दोनदा.

धूळ खाली बसायच्या आत आठवलं:
पान दोनशे बारा, 'माय वं' नंतरचा स्वल्पविराम.

समोर डोमाजी
परातीवर वाकला होता.